अध्यक्षांचा उजवा पाय

एप्रिल महिन्यात पुण्यात घरात मोजे घालून बसणारा माणूस एखादाच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

"फरशी गार लागते," हे म्हणाले.

बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं, घरात पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता, आणि ह्यांना फरशी गार लागत होती. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली आहेत. इतकी वाईट थाप ऐकली की मी आधी माणसाचा चेहरा बघते आणि मग तो काय झाकतोय ते बघते.

ह्यांचं नाव शांतवन उजगरे. एका विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि लगेच आमच्या चर्चच्या शेजारप्रीती समितीचे अध्यक्ष झाले. चर्च मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला आहे. त्यामुळे शेजारी म्हणजे यार्डातले हमाल, टेम्पोवाले आणि कांदा निवडणाऱ्या बायका. ह्या सगळ्यांवर कधी आणि कशी प्रीती करायची ते ह्यांचं ठरलेलं असतं. उन्हाळ्यात ताक, पावसाळ्यात छत्र्या, थंडीत ब्लँकेटं. एका वर्षी छत्र्या उशिरा आल्या म्हणून दिवाळीत वाटल्या. हमालांनी त्यासुद्धा हसतमुखाने घेतल्या आणि वर आभार मानले.

मी चेष्टा करते, पण हा माणूस ढोंगी नाही. टाळेबंदीत लोक दाराला आतून कड्या घालून बसले होते, तेव्हा हे सायकलला डबे लटकवून यार्डात अडकलेल्या लोकांना जेवण पोचवत होते. फक्त एक खोड आहे. द्यायचं असेल तर दोन्ही हात पुढे, घ्यायचं असेल तर दोन्ही हात पाठीमागे. बसमध्ये कुणी उठून जागा दिली तर हे पुढच्याच थांब्यावर उतरतात. डोकं दुखलं तर स्वतःच दाबत बसतात. एवढ्या संसारात ह्यांनी मला कधी बाम चोळू दिलेला नाही. परक्या माणसांच्या जखमा मी जन्मभर धुतल्या आणि घरच्या माणसाला एक पट्टी बांधायची मला परवानगी नाही, ह्याचा मला राग येतो. आजही येतो.

तर मोजे. नुसते घालत असते तर मी म्हटलं असतं, म्हातारपणाची लहर. पण हे ते मोजे स्वतः धुवायला लागले. ज्या माणसाने लग्नानंतर स्वतःचा रुमाल धुतला नाही, तो बाथरूमचं दार लावून मोजे चोळत होता. मग उजव्या बुटातून पावडरचा वास यायला लागला, आणि पावडरच्या खालून आणखी एक वास. तो वास मला कुणी शिकवायला नको. एका सकाळी दोरीवर वाळत घातलेला उजवा मोजा मी उलटा करून पाहिला. तळव्याच्या जागी, अंगठ्याच्या खाली, एक पिवळट डाग होता. धुऊनही न गेलेला.

ह्यांना साखर आहे, पंधराएक वर्षं झाली. साखर जुनी झाली की पायाची जाणीव मरते. खिळा रुतला तरी कळत नाही, जखम आतल्या आत सरकत जाते आणि माणूस म्हणतो, दुखत नाही म्हणजे काही नाही. असे पाय मी शेकड्याने पाहिलेत. वेळेवर आलेले घरी चालत गेले. उशिरा आलेल्यांचं काय झालं तेही मी पाहिलंय.

"बघू द्या," मी म्हटलं.

"काय?"

"उजवा पाय."

"खरचटलंय जरा. बरं होत आलंय."

"मग बघू द्या की."

"शैला, तू रिटायर झालीयेस," हे म्हणाले आणि पेपर उघडला.

मला कारण ठाऊक होतं, म्हणून तर जास्त भीती वाटत होती. माझ्या सासऱ्यांनाही हेच दुखणं होतं. त्यांनी पाय डॉक्टरला दाखवला त्याच आठवड्यात तो गुडघ्याखालून काढला. दाखवायला फार उशीर झाला होता म्हणून काढावा लागला. पण ह्यांच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलंय की दाखवला म्हणून काढला. आता हेच गृहस्थ समितीच्या बैठकीत उभे राहून सांगत होते, "यंदाच्या पवित्र सप्ताहात आपण यार्डातल्या बांधवांसाठी मधुमेह आणि पाय तपासणी शिबिर घेणार आहोत. लोक अज्ञानापोटी पाय लपवतात. आपण त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे." मी मागच्या खुर्चीत बसले होते. मला हसूही येईना आणि रडूही येईना.

शिबिराचं घोषवाक्यही ह्यांचंच: 'पाऊल तुमचे, काळजी आमची.' त्याचा फलक चर्चच्या फाटकावर लागला. खाली बारीक अक्षरात 'या शिबिराचा कोणत्याही धर्माच्या प्रचाराशी संबंध नाही' असंही होतं, कारण हल्ली ताक वाटलं तरी लोक विचारतात की ताकात काय घातलंय.

आणि एक नियम होता. तोही ह्यांचाच. आदल्या वर्षीच्या चष्म्यांच्या शिबिरात आमचीच मंडळी सकाळी सातला येऊन रांगेत उभी राहिली होती. शेजारी आले तोवर चष्मे संपले. आमच्या महिला मंडळाच्या सुशीलाबाईंकडे तर तीन चष्मे झाले आणि तिन्हीतून त्यांना सारखंच अंधुक दिसतं. म्हणून यंदा ह्यांनी उपासनेच्या शेवटी जाहीर करून टाकलं, की आपल्या मंडळीतल्या कोणीही ह्या शिबिराचा लाभ घ्यायचा नाही. आपण सेवा करणारे, लाभार्थी बाहेरचे.

"छान नियम केलात," मी घरी आल्यावर म्हटलं. "आता तुम्हाला स्वतःचा पाय दाखवायची पंचाईत नको."

"प्रत्येक गोष्ट माझ्या पायावर आणू नकोस," हे म्हणाले. त्यावरही मला हसू आलं नाही.

शिबिराला येणारी डॉक्टर स्पृहा दामले म्हणजे पायांच्या जखमांची तज्ज्ञ. पेठेत वाढलेली, वयाने माझ्या लेकीएवढी, बोलायला तिखट. मी गुपचूप तिच्या दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"डाग कसा होता? ओला?"

"वाळलेला. पण वास आहे."

"काकू, मग थांबू नका. आजच घेऊन या."

"येत नाहीत म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही घरी याल का?"

"येईन. आणि ते मला चहा पाजून, शिबिराची माहिती देऊन परत पाठवतील. पेशंटने मोजा काढला तरच मला पाय दिसतो, तेवढी एक अडचण आहे आमच्या शास्त्रात." मग तिचा आवाज जरा खाली आला. "गुरुवारी शिबिराला मी तिथेच आहे. काहीही करून त्यांना माझ्या खुर्चीत बसवा. त्याच्यानंतर मात्र मी काही शब्द देत नाही."

तिथून मी थेट घरी आले. मी दुपारी हे झोपल्यावर हळूच मोजा ओढून पाहायचाही प्रयत्न केला. ह्यांनी झोपेतच पाय वर घेतला. झोपेतसुद्धा शिस्त.

आता गुरुवारचं सांगते. पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. आमचे पाळक रेव्हरंड आढाव ह्यांना सगळ्यात काहीतरी नवीन करायची आवड. ते म्हणाले, यंदा आपणच आपले पाय किती धुवायचे? यंदा समितीतल्या बारा ज्येष्ठांनी यार्डातल्या बारा हमाल बांधवांचे पाय धुवावेत, आणि मग तिथूनच तपासणी सुरू करावी. सगळ्यांना कल्पना आवडली. हे तर इतके भारावले की दोन रात्री भाषण लिहीत बसले.

मग तयारी. स्टीलची घमेली नकोत, पितळी पराती आणा. पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या टाका. सुशीलाबाईंनी विचारलं, "पण ते दिवसभर मातीत वावरतात हो. पाणी पहिल्या पावलालाच गढूळ होईल. फोटोत कसं दिसेल?" ह्यावर बराच खल झाला. शेवटी असं ठरलं की पाय धुण्याच्या विधीला येण्यापूर्वी पाहुण्यांनी फाटकाजवळच्या नळावर पाय धुऊन यावेत. नळापाशी साबण ठेवला, घासायला दगड ठेवला आणि तिथे एक स्वयंसेवकही उभा केला.

गुरुवारी दुपारी यार्डातली गडबड ओसरली आणि हमाल आले. अंघोळी करून, धुतलेले शर्ट घालून, डोक्याला तेल लावून. नळावर त्यांनी इतके घासूनपुसून पाय धुतले की टाचा गुलाबी झाल्या. मग हॉलमध्ये फुलं लावलेल्या बारा खुर्च्यांवर अवघडून बसले. समोर परातीत पाकळ्या तरंगत होत्या. सगळ्या हॉलमध्ये धुण्याची खरी गरज असलेला एकच पाय होता, आणि तो पॉलिश केलेल्या काळ्या बुटात बंद होता. मी खांद्यावर टॉवेल घेऊन त्या बुटाच्या मागे उभी होते.

ह्यांच्या वाट्याला आलेला हमाल संभाजी. केज तालुक्यातला, चाळिशीचा, मानेवर पोती वाहून वाहून खांदे रुंद झालेला. रेव्हरंड आढावांनी प्रार्थना केली, आणि माइकवरून म्हणाले, "आता आपण नम्र होऊ या." समितीतले बारा ज्येष्ठ गुडघ्यांना धरून, कण्हत, बुटक्या स्टुलांवर बसले. ह्यांनी बाह्या वर सारल्या आणि संभाजीच्या पावलाकडे हात नेला.

संभाजी खुर्चीवरून ताडकन उठला.

"आवं काका! ह्ये काय करताय?"

"बसा, बसा. पाय धुतोय."

"माझं? तुम्ही? आवं, माझ्या बापाच्या वयाचं हाय तुम्ही!" आणि त्याने वाकून ह्यांनाच नमस्कार केला.

एकाला हे सुचलं आणि साथ पसरल्यासारखं झालं. बाराच्या बारा जण उठले. कुणी आमच्या ज्येष्ठांना वाकून नमस्कार करतंय, कुणी त्यांना दंडाला धरून स्टुलावरून उठवतंय, कुणी खुर्चीवर बसवतंय. एक परात उलटली. आमच्या एवढ्या बैठका झाल्या, पाण्यात गुलाब टाकायचा की झेंडू ह्यावर अर्धा तास गेला, पण पिकल्या केसांच्या माणसाने आपल्या पायाला हात लावला तर समोरच्याला कसं वाटेल हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही काही परदेशातून आलेलो नाही. माझ्या घरीसुद्धा सासऱ्यांचा पाय चुकून लागला तर आम्ही सुना नमस्कार करायचो. सेवेच्या गडबडीत ते सगळं विसरून गेलो.

रेव्हरंड आढाव माइकवरून समजावू लागले. "बांधवांनो, स्वतः प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले. तो गुरू असून धुतले."

"धुतलं आसतील की," संभाजी म्हणाला. "त्यो देव हाय. त्येला पाप लागत न्हाई. मला लागतंय."

हॉलमध्ये हशा झाला. आढावांना ह्याचं उत्तर पाळकांच्या सेमिनरीत शिकवलेलं नसावं. मग संभाजीलाच त्यांची दया आली असावी. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "आसं करू साहेब. तुमचा कार्यक्रम बी मोडायला नगं. आदी मी काकांचं पाय धुतो. वडिलांचं धुतल्यागत. मग काकांनी माझं धुवावं. फिट्टंफाट."

"वा!" आढाव माइकवरच ओरडले. "ह्याहून सुंदर काय असेल! उजगरेसाहेब, बसा खुर्चीवर!"

टाळ्या पडल्या. हे एकटेच टाळ्या वाजवत नव्हते.

"नको, नको," हे म्हणाले. "वेळ फार झालाय. डॉक्टर खोळंबल्यात. चहा गार होईल."

लोकांना वाटलं विनय आहे. टाळ्या आणखी वाढल्या. दोघा-तिघांनी ह्यांना प्रेमाने धरून त्या फुलं लावलेल्या खुर्चीत बसवलं. संभाजी खाली मांडी घालून बसला आणि त्याने डाव्या बुटाची नाडी सोडली. तो पाय नीट होता. त्याने तो परातीत घेतला, धुतला, मी टॉवेलने पुसला. मग त्याने उजव्या बुटाला हात घातला.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं ह्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या सभेत भाषण विसरलेला माणूस पुढच्या रांगेत बसलेल्या बायकोकडे पाहील तसं. मी एक शब्द बोलले असते तर सगळं थांबलं असतं. ह्यांना चक्कर येतेय, बाजूला व्हा, एवढं पुरलं असतं. हॉलमध्ये सगळी मंडळी होती, पाळक होते, फोटो काढणारा शुभंकर होता, सुशीलाबाई तिन्ही चष्म्यांपैकी एक लावून पुढे सरकल्या होत्या. माझ्या माणसाची सगळ्यांसमोर शोभा होणार होती. मी हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिले.

बूट निघाला. मोजा निघेना. तळव्याला चिकटला होता. संभाजीने त्यावर ओंजळभर पाणी सोडलं, थांबला, आणि हलक्या हाताने तो सोडवला. तेवढ्या रुंद हाताला तेवढं हळू वागता येतं हे मला खरं वाटलं नसतं. मग वास आला. मग मी पाहिलं. अंगठ्याच्या खाली रुपयाएवढं भोक आणि शेजारची दोन बोटं काळीनिळी.

संभाजी ओरडला नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं, खांद्यावरचा पंचा काढला आणि ह्यांच्या पावलावर टाकला, असा की लोकांना वाटावं पाय पुसतोय. मग मान वर न करता मला म्हणाला, "मावशी, डॉक्टरीणबाई कुठं बसल्यात?"

"त्या पडद्यामागे."

"काका, हात गळ्यात टाका."

"मी चालेन," हे म्हणाले.

"चालशिला. उद्या चाला." आणि त्याने ह्यांना पाठुंगळी घेतलं. यार्डात तो रोज ह्यांच्या दुप्पट वजन उचलत असेल. हॉलच्या मधल्या वाटेने शेजारप्रीती समितीचे अध्यक्ष शेजाऱ्याच्या पाठीवर बसून निघाले, आणि लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. काही जण उभे राहून टाळ्या वाजवत होते. आढावांनी गीत सुरू केलं.

पडद्यामागे डॉक्टर स्पृहाने मान वर करून पाहिलं.

"मंडळीतल्या माणसांना तपासायचं नाही, असं मला अध्यक्षांनी बजावलंय," ती म्हणाली. मग तिने पंचा बाजूला केला आणि तिचा चेहरा बदलला. दाबून पाहिलं, नाडी पाहिली, एक बारीक सळई आत घालून पाहिली. ह्यांना काहीच कळत नव्हतं, हे छताकडे बघत होते.

"गुडघ्याखालून?" ह्यांनी विचारलं. आवाज इतका लहान होता की मला आधी वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं.

"गुडघ्याला काय झालंय?"

"नाही... माझ्या वडिलांचा..."

"काका," स्पृहा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात तिखटपणा नव्हता. "दोन बोटं जातील. पाय राहील, असं मला वाटतं. पण आज संध्याकाळी ॲडमिट झालात तर. येत्या सोमवारी आला असतात तर मी तुम्हाला काय सांगितलं असतं, ते तुम्ही विचारू नका आणि मी सांगत नाही."

ह्यांनी डोळे मिटले. मी ह्यांचा हात धरला. ह्यांनी तो काढून घेतला नाही, आणि मला तिथेच, त्या पडद्यामागे, रडू फुटलं. संभाजी बाहेर जाऊन उभा राहिला आणि आत यायला पाहणाऱ्या सुशीलाबाईंना म्हणाला, "थांबा मावशी, तुमचा नंबर आजून आला न्हाई."

दोन बोटं गेली. पाय राहिला.

दवाखान्यात आमची मंडळी भेटायला आली तेव्हा ह्यांची जी गत झाली ती पाहण्यासारखी होती. आजाऱ्यांच्या भेटी घ्यायची पद्धत ह्यांनीच घालून दिलेली. दहा जणांनी जायचं, दोन गीतं म्हणायची, लांब प्रार्थना करायची, मोसंबी ठेवायची. आता हे पलंगावर आणि दहा जण सभोवती. दुसऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्याला ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की इतकी वर्षं आपण लोकांना काय काय सोसायला लावत होतो ते आत्ता कळतंय. मी म्हटलं, सगळी कडवी होऊ द्या.

मग मंडळीचं मासिक आलं. शुभंकर आयटीत आहे, कामाला पक्का. शिबिराच्या फोटोंखालच्या ओळी त्याला ह्यांनी आधीच लिहून दिल्या होत्या आणि त्याने त्या एका अक्षराचाही बदल न करता छापल्या. मुखपृष्ठावर संभाजी, त्याच्या पाठीवर आमचे हे, एका पायात काही नाही आणि दुसऱ्यावर पंचा. खाली ठळक अक्षरात: 'यार्डातील कष्टकरी बांधवांचा भार आपल्या खांद्यावर घेताना समितीचे अध्यक्ष श्री. शांतवन उजगरे.' हे बराच वेळ ते पान बघत बसले. मग हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मासिक ह्यांनी उशीखाली ठेवलं.

घरी आल्यावर रोजची पट्टी बदलायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी पाणी, औषध, कापूस घेऊन बसले तर हे भिंतीकडे तोंड करून पडले. पाय दिला, पण कुणीतरी हिसकावून नेल्यासारखा दिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. दवाखान्यात असे पुष्कळ पेशंट पाहिलेत, विशेषतः मोठ्या हुद्द्यावरचे.

यार्डाला सुट्टी असली की संभाजी यायचा. कधी लिंबं, कधी कोथिंबिरीची जुडी. चहा घ्यायचा, पायाकडे एकदा पाहायचा आणि म्हणायचा, "काका, माझं धुवायचं राहिलंय बरं का. फिट्टंफाट झालं न्हाई आजून." ह्यांना ते इतकं लागायचं की एकदा हे म्हणाले, "शैला, परात आण, आत्ताच धुतो." संभाजी उठून दाराशी गेला. "नगं काका. ते राहू द्या तुमच्याकडं. मला यायला निमित्त ऱ्हातं." तो गेल्यावर ह्यांनी त्याने आणलेली कोथिंबिरीची जुडी उचलून पाहिली. मग म्हणाले, "हा माणूस काही घेतच नाही." मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून पोटभर हसले.

ह्या रविवारी उपासनेहून मी एकटीच आले. आढावांनी पुढच्या शिबिराची घोषणा केली होती आणि जुना नियम वाचून दाखवला होता. ते मी ह्यांना सांगितलं. मला वाटलं आता दुरुस्तीचा मसुदा निघेल, बैठक बोलावली जाईल.

"तो नियम काढून टाकायला सांग," हे म्हणाले. एवढंच.

मी पाण्याचं भांडं आणि कापूस घेऊन आले. उजव्या पायाची पट्टी सोडली, जखम पाहिली. छान भरत आली होती. नवी पट्टी बांधून मी सामान आवरायला घेतलं.

"थांब," हे म्हणाले.

ह्यांनी वाकून डाव्या पायातला मोजा स्वतः काढला. तो पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. घोट्याच्या वर एक पुसटशी लालसर रेघ होती.

"इथे काहीतरी दिसतंय," हे म्हणाले. "बघ बरं जरा."

मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ होता. पाच मिनिटांत आपोआप गेला असता. मी चष्मा लावला, खिडकीचा पडदा सरकवला आणि तो पाय दोन्ही हातांत धरून पुष्कळ वेळ बघत राहिले.